तांबड्या उजेडातले डोळे

माघ सरत आला की हिरण्यकेशीच्या काठावर तांबडे ऊन उगवते.

रंग उन्हाचा नव्हेच, रंग मिरचीचा. गडहिंग्लजच्या माळामाळांवर, खळ्याखळ्यांत, पत्र्यांवर आणि गच्च्यांवर संकेश्वरी मिरची वाळत पडलेली असते, आणि वरून आलेले पिवळे, पोक्त, निरुपद्रवी ऊन तिला स्पर्शून आरक्त होऊन माघारी फिरते. आरक्त होते नदीचे पाणी. आरक्त होतात पाण्यावरून जाणाऱ्या बगळ्यांची शुभ्र पोटे. वाटेने जाणारा परका माणूस शिंकून शिंकून हैराण होतो आणि गावकरी त्याला पोटभर हसून घेतात.

त्या आरक्त गावात आणखी एक तांबडा उजेड होता. तो बाहेरच्या कुणी पाहिलेला नव्हता.

बाजारपेठेच्या टोकाला, 'चंद्रप्रभा फोटो स्टुडिओ'च्या पाठीमागे, जाड काळ्या पडद्याआड एक अरुंद खोली होती. तिथे तांबडा दिवा जळे. फोटोचा कागद मोठा भित्रा. उन्हाचा कण शिरला की काळवंडतो, दिव्याची तिरीप आली की काळवंडतो. तांबड्या उजेडाला मात्र तो भीत नाही. औषधाच्या पाण्यात तो निर्धास्त पडून राहतो, आणि त्याच्या निःशब्द, निष्कलंक शुभ्रतेवर हळूहळू एक चेहरा उमलत येतो. आधी केस. मग भुवया. मग ओठांची रेघ.

चन्नाप्पा कोरी आणि त्यांची बायको नीलांबिका यांचा संसार त्या खोलीतच झाला. चूल वर माडीवर होती, अंथरूणही माडीवरच. पण रुसवे निघत ते इथे, गुपिते सांगितली जात ती इथे, आणि ओल्या हातांनी एकमेकांच्या कपाळावरचा घाम पुसला जाई तोही इथेच. आंबूस वासाच्या, अंधार-आरक्त, दोनच माणसे मावतील एवढ्या त्या खोलीत चन्नाप्पा फोटो धुवीत, आणि नीलांबिका डोळे उघडी.

होय, डोळे उघडी. तेच तिचे काम होते.

तिथल्या लिंगायत घरांत माणूस गेले की त्याला आडवे ठेवीत नाहीत. भिंतीला पाठ टेकवून, मांडी घालून बसवतात. कपाळी भस्माचे शुभ्र पट्टे, गळ्यात शेवंतीचे हार. मातीच्या कुशीतही ते माणूस बसूनच जाते. पूर्वी कितीतरी जणांचा जन्मातला पहिला फोटो निघे तो असा, शेवटच्या बैठकीत, मिटल्या डोळ्यांनी. चन्नाप्पा तो काढून आणत. पण डोळे मिटलेला बाप भिंतीवर कोण लावणार? मग तो मोठा केलेला फोटो नीलांबिकेपुढे येई. चार केसांचा कुंचला हाती धरून, श्वास रोखून, ती मिटल्या पापण्यांवर पुन्हा बुबुळे रेखी, बुबुळांत उजेडाचा कण ठेवी, आणि गेलेले माणूस घराकडे बघू लागे.

मनात येईल तशी मात्र उघडत नसे. आधी त्या घरी जाई. रडून दमलेल्या बायकांत जाऊन बसे, आणि हलकेच विचारी, "बसल्यावर कुठं बघायचे वो ते?"

कुणी म्हणे, दाराकडं. कुणी म्हणे, गोठ्याकडं. एका म्हातारीने तर डोळे पुसता पुसता खुदकन हसून सांगितले होते, "माझ्याकडं कुठलं बघत्यात, ताटाकडं बघायचे!" नीलांबिकेने त्या आजोबांची नजर किंचित खाली वळवली, खालच्या पापणीला आशाळभूत ओल दिली, आणि फोटो घरी गेला तेव्हा सगळे घर एकदम रडले आणि एकदम हसले. असे तिचे काम होते. गावातल्या कितीतरी भिंतींवरून गेलेली माणसे आपापल्या आवडीच्या जागी बघत होती, आणि ती जागा त्यांना नीलांबिकेने परत मिळवून दिलेली होती.

मग एका माघात चन्नाप्पांनी नवा कॅमेरा आणला.

पहिलटकरणीने बाळ धरावे तसा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता. ना त्याला रोल, ना त्याला अंधार, ना औषध, ना पाणी. सकाळची वेळ, स्टुडिओच्या खिडकीतून मिरचीवरून परतलेले तांबूस ऊन आत आलेले. नीलांबिका भाकरीच्या पिठाचे हात घेऊन माडीवरून खाली आली, एक वेणी घातलेली, एक सुटलेली.

"इकडं बघ, नीला," चन्नाप्पा म्हणाले.

तिने बघितले.

काय काय होते त्या बघण्यात! नव्या खेळण्याने हरखलेल्या नवऱ्याची थट्टा होती. त्याच्याबद्दलचा अभिमान होता. तांबड्या खोलीतली सगळी वर्षे होती, पुसलेला घाम होता, मिटलेली भांडणे होती. आणि या सगळ्यांच्या तळाशी, निवांत, निःशंक, निर्मळ, एक प्रेम होते. चारचौघांत बायका असे बघत नाहीत. ती नजर जगात एकाच माणसासाठी होती आणि तो माणूस कॅमेऱ्यामागे उभा होता.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्या काचेत तिचा चेहरा तत्क्षणी उमटला. "औषधाबिगर?" म्हणत ती हसली, आणि पिठाचा हात काचेला लागू नये म्हणून मागे सरली.

"ह्यो फकस्त लग्नासाठी," चन्नाप्पा म्हणाले. "घाईचं काम असतंय. आपली खोली हाय तशी."

"बरं," नीलांबिका म्हणाली.

मग ओळखपत्रांचे फोटो त्या कॅमेऱ्यावर गेले. बरं. मग बारशांचे, मग शाळेच्या गॅदरिंगचे. बरं. मग रोल मिळेनासे झाले, मग कागद मिळेनासा झाला, औषधाच्या थाळ्या कोरड्या पडल्या आणि त्यांत कांदे राहू लागले. मग संगणक आला. मग एका दुपारी तांबडा दिवा काढून तिथे पांढरी ट्यूब लागली, आणि त्या खोलीत छपाईचे यंत्र बसले. प्रत्येक वेळी चन्नाप्पांनी तिला समजावून सांगितले, प्रत्येक वेळी ती बरं म्हणाली. बायकोचे 'बरं' पुरुषांना फार स्वस्त वाटते. ते तिने कुठून काढून दिले हे कुणी विचारीत नाही.

एका गोष्टीवर मात्र ती अडली होती. पांढरी ट्यूब लागली त्या दुपारी तिने विचारले, "आन् डोळं?"

चन्नाप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "डोळं तुझ्याच हातचं. ते काय मशिनीचं काम न्हवं, नीला."

लिंगाला हात लावून बोललेला शब्द. नीलांबिकेने कुंचले धुतले, पुसले, स्टुडिओच्या खिडकीच्या फळीवर ओळीने मांडले, आणि निश्चिंत झाली.

पण फोटो येईनात. गावात माणसे तर जात होती. चन्नाप्पा कॅमेरा घेऊन जात होते, परत येत होते. ती विचारी, आणि ते म्हणत, "लोकांच्या मोबाइलमधी जितेपणीचे ढीगभर फोटो असत्यात आता. डोळं उघडायची पाळीच येत न्हाई."

तिला ते खरे वाटले. खोटे का वाटावे? उलट बरेच वाटले. माणसे आता हसताना, जेवताना, नातवंडांना खांद्यावर घेतल्यावर भिंतीवर जातात, मिटल्या डोळ्यांनी जात नाहीत, याहून चांगले काय? आपले काम संपले ते चांगल्यासाठी संपले, असे तिने मनाशी धरले. आणि तरीही दर सोमवारी ती कुंचले काढी, धुवी, पुसी, आणि पुन्हा ओळीने मांडी.

अशात समोरच्या घरातली कमळव्वा गेली.

दोघी एकाच गल्लीत, एकाच उन्हाळ्यात सुना होऊन आलेल्या. कमळव्वाचे डोळे घारे, हिरवट-पिवळे, पावसाळी डबक्यात ऊन पडावे तसे. तिने जन्मात फोटो काढून घेतला नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा कॅमेरा वळला की ती पदर तोंडावर घेई. "माझं घारं डोळं फोटूत मांजरागत दिसत्यात," म्हणे. आणि नीलांबिकेला सांगे, "मी गेल्यावर माझं डोळं तूच उघड गं बाई. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगंस."

नीलांबिका शेवटच्या बैठकीला तिच्याजवळ बसून होती. चन्नाप्पा आले, फोटो काढला, गेले. तिने मैत्रिणीच्या थंड कपाळावरचे भस्म सारखे केले. या घरात तिला काही विचारायचे नव्हते. कमळव्वा सोप्यात बसली की कुठे बघायची हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? ती बघायची समोरच्या माडीकडे, नीलांबिकेच्या खिडकीकडे. चहा टाकलास का, असे त्या घाऱ्या डोळ्यांनी विचारायची. वर्षानुवर्षे, रोज दुपारी.

घरी येऊन नीलांबिकेने हिरवा रंग घोटला. त्यात हळदीच्या रंगाचा एक थेंब सोडला. जास्त झाला, पुन्हा घोटला. रडत होती आणि घोटत होती. शेवटी तो रंग साधला, अगदी तोच, खट्याळ, ओला, मांजराचा.

आणि फोटो आला नाही.

"सापडला त्यास्नी," चन्नाप्पा संगणकावरून मान न वळवता म्हणाले. "सुनंच्या मोबाइलमधी हुता एक."

कमळव्वाचा? मोबाइलमध्ये? पदराबाहेरचा? नीलांबिकेला नवल वाटले. थोडे वाईटही वाटले, की एवढी मैत्रीण, आणि कुणाला तरी तोंड दाखवले ते मला सांगितले नाही. वाटीतला रंग सुकत गेला. तिने तो टाकला नाही.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशी ती फोटो बघायला गेली. बाहेर माळावर मिरची धगधगत होती, सोप्यात तांबूस आभा तरळत होती, हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, गोड वास घरभर पसरलेला, आणि भिंतीवर चंदनाच्या हारात कमळव्वा होती. कमळव्वाचे कपाळ. कमळव्वाचे बसके नाक. कमळव्वाची हनुवटी, किंचित छातीकडे झुकलेली, शेवटच्या बैठकीत झुकली होती तशीच.

डोळे काळे होते.

"बघा की मावशी," कमळव्वाची सून तिचा हात धरून म्हणाली, "किती जित्यावानी बघत्यात! कुठंबी हुबं ऱ्हावा, आपल्याकडंच बघत्यात. काकांनी झ्याक केलाय बघा. डोळं मिटलेलं हुतं, म्हायती हाय न्हवं तुमास्नी?"

म्हणजे मोबाइलमधला नव्हता.

नीलांबिका जवळ गेली. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. काळे, निवांत, निःशंक डोळे. बुबुळांत उजेडाचा चौकोन, खिडकीचा. आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, तिळाचा तपकिरी ठिपका.

तो तीळ ती रोज सकाळी आरशात बघत होती.

मैत्रिणीच्या तोंडातून तिचीच नजर तिच्याकडे बघत होती. तीच. पिठाच्या हातांची, एक वेणी सुटलेल्या सकाळची. थट्टेची, अभिमानाची, आणि तळाशी असलेल्या त्या एका गोष्टीची. खाली उदबत्ती जळत होती, आणि कमळव्वाचा नातू त्या नजरेला हात जोडून उभा होता.

तिला रडू आले नाही. तिला लाज वाटली. अंगावरचे वस्त्र भर बाजारात कुणी ओढून घ्यावे, तशी लाज वाटली, आणि ओढणारा हात आपल्याच माणसाचा आहे हे कळल्यावर त्या लाजेला आसरा उरला नाही.

हुग्गी न खाताच ती बाहेर पडली. गल्लीत तेल्यांचे घर लागले. त्यांचा थोरला गेल्या श्रावणात गेला होता. पाणी मागायच्या निमित्ताने ती आत गेली. भिंतीवर थोरला होता, आणि नीलांबिकेचे डोळे होते. पुढे निवृत्त हेडमास्तर. त्यांना हयातभर कुणी हसताना पाहिले नव्हते. आता ते भिंतीवरून नव्या नवरीच्या मायेने बघत होते. त्याच्या पुढे पाटील, ज्यांच्या मिशीला गाव भिऊन असे. मिशी तीच होती, आणि मिशीच्या वर नीलांबिका होती. तिथे तीळ उजव्या डोळ्यात होता. नजर उलटी करून बसवलेली. कुणी दाराकडे बघत नव्हते, कुणी गोठ्याकडे बघत नव्हते, कुणी ताटाकडे बघत नव्हते. सगळे गेलेले गाव एकाच जागी बघत होते, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या चन्नाप्पांकडे.

आणि घरोघर त्या नजरेला हार होते. जित्या बाईच्या नजरेला चंदनाचे हार.

ती घरी आली तेव्हा ऊन कलले होते. तांबड्या खोलीत, जी आता पांढरी होती, चन्नाप्पा यंत्रापुढे बसले होते.

"कमळव्वाला माझं डोळं लावलासा," ती म्हणाली.

चन्नाप्पा थबकले. मग त्यांनी विचारले ते हे, "कसं वळखलंस?"

"तिळावरनं."

"अगं, हां. तीळ काढायचा ऱ्हायला की." त्यांनी संगणकावर काही दाबले, आणि पडदाभर तिचे डोळे उघडले. कपाळ नाही, नाक नाही, तोंड नाही. नुसते डोळे, कापून, सोलून, स्वच्छ करून ठेवलेले.

नीलांबिका दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "मोबाइलमधी फोटो सापडत्यात म्हणाला हुतासा."

"तुला वाईट वाटंल म्हणून म्हणालो गं."

"आन् आता न्हाई वाटलं?"

चन्नाप्पा वाईट माणूस नव्हते. तेच तर अवघड होते. ते खरोखरच गोंधळले होते. "आता तूच सांग, तुझ्यापरीस जिवंत डोळं मी कुठनं आणू? दुसऱ्या कुणाचं लावून बघितलं, न्हाई जीव येत. तुझं लावलं की माणूस उठून बसल्यागत हुतंय. लोक किती खूश हाईत बघ."

"ते मी तुमच्याकडं बघितल्यालं हुतं," नीलांबिका म्हणाली.

आयुष्यभर तांबड्या उजेडात बोललेल्या सगळ्या बोलण्यांहून हे वाक्य मोठे होते, आणि ते त्या पांढऱ्या ट्यूबखाली उघडे पडले. चन्नाप्पांनी त्याच्यावर विचार केला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हलले. तिला वाटले, आता कळेल. आता यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे जाईल, आता मान खाली जाईल. आणि एवढे झाले असते तर, देवा, ती बरं म्हणाली असती.

चन्नाप्पांचा चेहरा उजळला.

"एवढंच न्हवं? मग दुसरं काढू की! आता तर कॅमेराबी भारी हाय. तीळबी येऊ देत न्हाई बघ. बस भाईर खिडकीत. ऊनबी झ्याक आलंय."

आणि त्यांनी कॅमेरा उचलला.

नीलांबिका बाहेर स्टुडिओच्या खिडकीपाशी गेली. फळीवर कुंचले ओळीने मांडलेले होते. शेजारी वाटीत घारा रंग तडकून गेलेला. तिने वाटी जरा बाजूला सरकवली. खिडकीलगतच्या लाकडी बाकावर ती चढून बसली. भिंतीला पाठ टेकवली. मांडी घातली. हात ओटीत ठेवले, पदर कपाळापर्यंत सारखा केला. गावातली माणसे शेवटची बसतात, तशी बसली.

"इकडं बघ, नीला," चन्नाप्पा म्हणाले.

तिने डोळे मिटले.

"डोळं उघड की."

ती उघडीना.

"अगं, उघड की डोळं! ऊन चाललंय."

"तुमच्यापाशी हाईत की," नीलांबिका म्हणाली. "लावा."

बाहेर माळावर बाया मिरची गोळा करीत होत्या; पोत्यापोत्यांतून तांबडे ऊन भरले जात होते, बांधले जात होते, आणि हिरण्यकेशीचे पाणी हळूहळू आपल्या रंगावर येत होते. जाता जाता त्या उन्हाची शेवटची आरक्त तिरीप खिडकीतून आत आली आणि तिच्या चेहऱ्यावर थांबली. चन्नाप्पांचे बोट कळीवर होते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत त्या तांबड्या उजेडात एक चेहरा दिसत होता. आधी केस. मग भुवया. मग ओठांची रेघ. आणि दोन मिटलेल्या पापण्या.